मिठावरचे डोळे

गंगाराम गमरेकडे एकच कोट होता आणि तो त्याने स्वतः कधी घातला नाही. काळा, रुंद कॉलरचा तो कोट त्याने तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, तळवली अशा गावांतल्या शेकडो मेलेल्या माणसांना घातला. त्यांतल्या बहुतेकांनी जिवंतपणी सदऱ्याचीही सगळी बटणं लावली नव्हती. बायकांसाठी त्याच्याकडे एक लाकडी खुर्ची, एक फुलदाणी, पायघोळ नऊवारी आणि मांडीवर एक जाड पुस्तक असे. यातलं काहीच खरं नव्हतं. सगळं त्याच्या हातात होतं, आणि डोळे मिटूनही ते त्याला काढता आलं असतं.

तुर्भ्याच्या रस्त्यालगत पत्र्याच्या गाळ्यात त्याचं दुकान होतं. पाटीवर ‘गमरे आर्ट स्टुडिओ’ असं होतं, पण स्टुडिओ म्हणावं असं आत काही नव्हतं. एक टेबल, एक एन्लार्जर, काळ्या पडद्यामागची अंधारी खोली. लोक घरातल्या गेलेल्या माणसाचा मिळेल तो फोटो घेऊन येत. कारखान्याच्या ओळखपत्रावरचा, नाहीतर लग्नाच्या ग्रुपमध्ये तिसऱ्या रांगेत अर्धवट दिसणारा. गंगाराम त्यावरून मोठा फोटो काढी, कापसाच्या बोळ्याने काळी पावडर घासून चेहरा उठवी, मानेखालचं सगळं ब्रशने रंगवी. शेवटी डोळे. पापण्या थोड्या वर उचलायच्या आणि बुबुळात एकेक पांढरा ठिपका द्यायचा. हे त्याला भायखळ्याच्या स्टुडिओत मारोती पेंटरने शिकवलं होतं. मारोती पेंटर म्हणे, “मेलेल्याचे डोळे मोठे केले की घरचे रडतात. आणि घरचे रडले की फोटो परत येत नाही.”

गंगारामचा एकही फोटो परत आला नव्हता. एकोणीसशे ब्याऐंशी संपेपर्यंत गावोगाव रंगीत फोटो काढणारे फिरू लागले होते, तरी मेलेल्यांचा धंदा त्याच्याकडेच होता. दुकानात समोरच्या भिंतीवर नमुना म्हणून त्याने स्वतःच्या आईचा फोटो लावला होता. खुर्ची, फुलदाणी, पुस्तक, मोठे उघडे डोळे. गिऱ्हाइकं बोट दाखवून म्हणत, “अस्साच पायजे.”

पुढल्या वर्षी, मे महिन्याच्या आरंभी, तळवलीचा गोटीराम दुकानात आला. पूर्वी त्याच्या घरची शेती होती आणि मिठागरात हिस्सा होता. जमीन सरकारने घेतल्यावर त्याने नुकसानभरपाईतून स्लॅबचं घर बांधलं, खाली चार खोल्या भाड्याने दिल्या, आणि आता लोक त्याला शेठ म्हणत. त्याने आधी दुकानात दुसरं कोणी नाही ना हे पाहिलं, मग खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू काढली.

“पेंटर, हे बघा, पन कुनाला दाखवायचं नाय.”

ते पिवळं पडलेलं पोस्टकार्ड होतं. कार्डावर एका तरुण बाईचा फोटो. मागे रंगवलेला समुद्र आणि एक माड. बाईने एक टोपली कमरेवर धरलेली, टोपलीत मासे. लुगडं गुडघ्याच्या बरंच वर ओढलेलं, चोळी नाही, पदर एका खांद्यावरून पार खाली घसरलेला. नाकात हनुवटीपर्यंत येणारी नथ. खाली इंग्रजीत छापलेलं होतं. गंगाराम सातवीपर्यंत शिकला होता, त्याने ते अक्षर अक्षर लावून वाचलं.

“काय लिवलंय?” गोटीरामने विचारलं.

“नेटिव्ह फिशरवुमन, बॉम्बे. म्हणजे मुंबईची कोळीण.”

“आमी आगरी. आमच्यात कोन म्हावरा विकत नव्हतं. मिठावं होते सगले.” मग गोटीराम हळू आवाजात म्हणाला, “माज्या बापाची आय हाय ती. पुतळा नाव.”

कार्ड सापडलं होतं बहात्तर साली, जमिनीचे कागद काढताना, सातबाऱ्याच्या घड्यांत. तेव्हा गोटीरामचा बाप जिवंत होता. त्याने ते एकदा पाहिलं, ही माझी आई एवढंच सांगितलं, आणि घरातल्या बायकांना दाखवू नकोस म्हणून बजावलं. पुतळा मिठाच्या पडावावर, म्हणजे माल वाहणाऱ्या मोठ्या होडीवर, मुंबईला जायची. कुठल्या तरी सायबाने बंदरावरून तिला स्टुडिओत नेलं होतं. अठरा सालच्या मोठ्या तापात ती गेली. तिचा दुसरा फोटो नव्हता.

आता गोटीरामच्या मुलाचं लग्न होतं. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण असते, लग्नाची गाणी म्हणणारी आणि विधी चालवणारी बाई. हळदीच्या दिवशी ती घरातल्या मेलेल्यांना नावं घेऊन बोलावते. गोटीरामच्या घरात रीत अशी की ती नावं घरातल्या सर्वांत थोरल्या बाईने धवलारणीला सांगायची. अलीकडे लोक त्या वेळी पाटावर फोटोही मांडू लागले होते. गोटीरामकडे बापाचा फोटो होता, आज्याचा होता. दोन्ही गंगारामनेच केलेले, दोन्ही कोटातले. आजीची जागा मोकळी होती.

“थोरली बाई कोण?” गंगारामने विचारलं.

“आत्या. गोजरा आत्या, बापाची मोठी बहीन. शहात्तर वर्साची हाय. आय मेली तवा ती अकरा वर्साची व्हती. तिला बघितलेली आता ती एकटीच.” गोटीरामने कार्डावर तळवा ठेवला. “तिनं हो बोल्लं पायजे. ती बोल्ली ही माजी आय, तरच फोटो पाटावं बसल. पन ह्ये कार्ड तिला दाखवाचं नाय. टोपली कारा, चोली घाला, लुगरं पायापर्यंत. खुर्चीवं बसवा. शोभंल अशी करा.”

गंगारामने कार्ड ठेवून घेतलं.

अशी कार्डं त्याला नवी नव्हती. बावन्न साली मंडणगडहून तो मुंबईला आला, पंधरा वर्षांचा, आणि भायखळ्याच्या त्या जुन्या स्टुडिओत त्याला पहिलं काम मिळालं ते काचा धुण्याचं. माळ्यावर खोकीच्या खोकी काचेच्या निगेटिव्ह होत्या. स्टुडिओ पूर्वी एका गोऱ्या सायबाचा होता. बोटीने येणाऱ्या-जाणाऱ्यांना विकायची कार्डं तो त्यांवरून छापी. आता त्या कोणाला नको होत्या, पण काच चांगली होती. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून काच बुडवायची, वरचा थर सुटला की चाकूने खरवडायचा, आणि कोरी काच फ्रेमवाल्याला द्यायची. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यावर चिठ्ठी असे. मारोती पेंटर त्या वाचून दाखवी. भिस्ती. न्हावी. धोबी. गारुडी. आया. वाणी. नाव कोणाचंच नाही.

एके दिवशी गंगारामच्या लक्षात आलं की भिस्त्याच्या उजव्या पायाचं शेवटचं बोट शेजारच्या बोटावर चढलेलं आहे. दोन दिवसांनी तेच बोट त्याला न्हाव्याच्या पायावर दिसलं. मग गारुड्याच्या. चौथ्या काचेवर त्या माणसाच्या खांद्यावर घोंगडी होती, हातात काठी, आणि चिठ्ठीवर ‘महार’.

“हा तर न्हावी होता परवा,” गंगाराम म्हणाला.

“चार आण्यांत सायबानं महार केला त्याला,” मारोती पेंटर म्हणाला. “तुला फुकट व्हायला मिळालं. टाक पाण्यात.”

गंगाराम हसला होता, आणि काच त्याने पाण्यात टाकली होती. पुढे छप्पन साली त्याच्या घरच्यांनी बौद्ध धम्म घेतला, तेव्हा त्याला ती काच आठवली होती. पण त्या माणसाचा चेहरा नाही आठवला. बोट तेवढं आठवलं.

पुतळाचं काम त्याने दहा दिवस केलं. टोपली काढली, समुद्र आणि माड काढला. चेहरा मात्र सरळ होईना. बाईचे डोळे बारीक होते, जवळजवळ मिटलेले, भुवया खाली ओढलेल्या. फोटो घेताना चेहऱ्यावर झगझगीत उजेड सोडला असेल असं त्याला वाटलं. त्याने पापण्या उचलल्या, भुवया सैल केल्या, ठिपके दिले. खांद्यापर्यंत चोळी, पायघोळ नऊवारी, खुर्ची, फुलदाणी, पुस्तक. सायबाने जिची अब्रू काढली होती तिला आपण अब्रू दिली, अशी त्याची समजूत झाली होती.

संध्याकाळी त्याची बायको रखमा दुकानात आली. तिने फोटो पाहिला.

“छान दिसते. सासूबाईंसारखीच.”

“अगं, ती तळवलीची आहे. आगरी.”

“असेल. पण खुर्चीत बसल्या की सगळ्या सासूबाईंसारख्याच दिसतात.”

गंगारामने ते बोलणं मनावर घेतलं नाही.

रविवारी तो फोटो घेऊन तळवलीला गेला. हळद गुरुवारी होती. गोटीरामच्या घरासमोर मांडवाचे बांबू उभे राहत होते. गोजरा ओट्यावर मिसरी लावत बसली होती. बारीक अंगाची, काळी, गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं. चहा आला, घरच्यांना कपबशीतून, गंगारामला काचेच्या ग्लासातून. त्याने तो घेतला. गोटीरामने वर्तमानपत्र सोडून फ्रेम भिंतीला टेकवली.

गोजराने बराच वेळ पाहिलं. मग दात न दाखवता विचारलं, “कोन ही?”

“आत्या, तुजी आय. पुतळा.”

“माजी आय?” तिने मिसरी थुंकली. “ही कुटली मास्तरीन आनलीस रं? मांडीवं पुस्तक हाय हिच्या. माजे आयनं कागुद हातान धरला तो अंगठा लावाया.”

“फॅशन हाय ती. सगल्यांचे फोटोत पुस्तक असतं.”

“मंग सगल्यांनाच बोलव हलदीला. मना कशाला इचारतंस?”

मांडव घालणारे हसले. गोटीरामच्या कपाळावर शीर उठली. “तुना आता धड दिसत नाय, आत्या.”

“तुजा पॉट दिसतं ना मना हितून.” गोजराने परत फ्रेमकडे पाहिलं, आणि आता तिच्या आवाजातला चेष्टेचा सूर गेला. “मी हिचा नाव नाय सांगनार. दुसरेच बाईला आयच्या पाटावं बसवू काय? आय येल नि बगंल, तिचे जागंवं कोन बसलंय.”

गोटीराम गंगारामकडे पाहू लागला, जणू चूक त्याची. आणि गंगारामला पहिल्यांदाच मारोती पेंटरच्या ‘फोटो परत येत नाही’ या वाक्याचा अर्थ कळला. हा फोटो परत येणार होता. त्याने पिशवीत हात घातला. गोटीरामने मान हलवून नको नको केलं. गंगारामने तरीही कार्ड काढलं आणि म्हातारीच्या हातात दिलं.

“आजी, यावरून केलाय. हेच होतं.”

गोजराने कार्ड डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, उन्हाकडे वळवलं. मग ती हसायला लागली. दात काळे, अंग हलवून हसणं.

“लाकराचा म्हावरा! अरं गोट्या, हाच त्यो लाकराचा म्हावरा!”

आईने ते घरी येऊन सांगितलं होतं आणि कित्येक दिवस मिठागरावर बायका त्यावरून हसत होत्या. सायबाकडे लाकडाचे मासे होते, रंगवलेले. खऱ्यांचा वास त्याला सोसत नसे. ते घेऊन तिला दुपारभर उभं केलं होतं. गंगारामने खिशातलं भिंग काढून पाहिलं. टोपलीतल्या पाची माशांची खवलं सारखी होती, मोजून काढल्यासारखी. दहा दिवस हे कार्ड त्याच्या टेबलावर होतं आणि त्याने ती टोपली नुसती पुसून टाकली होती.

गोजराचं हसणं थांबलं. तिचा अंगठा पदरावर आला होता.

“ह्यो तिनं नाय सोरला,” ती म्हणाली. “आय पदर कमरंत खोचाची. खोचलेला पदर आपला आपून सुटत नाय. कुनीतरी हातान सोरलाय.” मग ती म्हणाली, “ह्ये तिनं घरी नाय सांगितलं.”

गोटीराम खाली पाहत होता. गोजराने अंगठा सरकवला. आधी खांदा झाकला, मग टोपली, मग हनुवटीवरची नथ. शेवटी अंगठा आणि तर्जनी यांच्या फटीत फक्त डोळे उरले.

“ही माजी आय.”

“डोळे मिटलेत, आजी,” गंगाराम म्हणाला. “उजेड पडला असेल.”

“उजेर नाय रं. मीठ. मार्गेसरापासनं पाऊस परंपर्यंत मिठावं उभा राव, वरून ऊन नि खालून ऊन. पांडरा फट. मंग घरात आलास, काळोखात बसलास, तरी डोले असेच ऱ्हातात. आमच्या सगल्यांचे असे व्हते. माजे बग.” तिने तोंड पुढे केलं. गंगारामने पाहिलं. म्हातारपणाने बारीक झाले असतील असं त्याने आल्यापासून धरलं होतं. “सायबानं तिचा पदर सोरला, म्हावरा दिला, नथ दिली. डोल्यांना त्याला काय करता आलं नाय. ते तू केलास.”

बोटावरून आपण एका माणसाला ओळखलं होतं, चार जातींच्या चार चिठ्ठ्यांखालून, हे गंगारामला आठवलं. आणि खुर्ची, फुलदाणी, पुस्तक हे आपल्याला कोणी दिलं हेही. मारोती पेंटरने. मारोती पेंटरने ते त्याच स्टुडिओच्या अडगळीतल्या सामानावरून उचललं होतं. गोऱ्या मडमा त्या खुर्चीत बसत.

“चार दिवस आहेत,” तो म्हणाला. “नवीन करतो. पण मला लुगडं कसं नेसतात ते दाखवा.”

“गुडघ्याएवरं?” गोटीराम म्हणाला. “लग्नाला लोक येतील, आत्या. भिंतीवं असा फोटो लावू? हसतील.”

“तुजी स्लॅब कुनाच्या गुडघ्यावं उभी हाय रं?” गोजरा म्हणाली. ती उठली, ओट्याच्या कडेला जाऊन उभी राहिली, एक टोक मागे कसं खोचायचं, पदर खांद्यावरून आणून कमरेला कसा आवळायचा ते तिने दोनदा करून दाखवलं. चोळीबद्दल गंगारामने विचारलं तेव्हा ती म्हणाली, “लग्नाला घालाची. मिठावं पदर पुरंसा हाय. पन पदर जागंवं ठेव.” गंगारामने पेन्सिलीने सगळं काढून घेतलं.

नवा कागद, नवी प्रत. मान, खांदे, लुगडं दोन दिवसांत झालं. बुधवारी तो डोळ्यांवर आला आणि अडला. काहीच न करणं त्याला येत नव्हतं. ब्रश हातात घेतला की हात आपोआप पापणीखाली जाई. एकदा पांढरा ठिपका पडलाही. तो त्याने ब्लेडच्या टोकाने खरवडून काढला. काचा खरवडत असे तसा, पण इथे फक्त आपलाच रंग निघेल असा. शेवटी त्याने ब्रश धुऊन डब्यात ठेवला आणि डोळे होते तसे राहू दिले. पार्श्वभूमी कोरी ठेवली. मिठागर काढावं असं त्याच्या मनात आलं होतं, पण त्याने मिठागर कधी जवळून पाहिलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी मांडवात पाटावर तीन फ्रेमा होत्या. दोन कोटवाले आणि मधे पुतळा, उभी, गुडघे उघडे, पदर कमरेला आवळलेला. गंगाराम मांडवाच्या खांबाशी उभा राहिला. धवलारणीने अक्षता हातात घेतल्या आणि गोजराकडे पाहिलं. गोजराने आपल्या भावाचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं. धवलारणीने ती गाण्यात घेतली. मग गोजरा थांबली. तिने मधली फ्रेम उचलायला लावली, मांडवाबाहेरच्या उजेडाकडे वळवायला लावली, आणि वाकून पाहिलं. गोटीराम तोंड पुसत होता.

“पुतळा,” गोजरा म्हणाली. “गोजराची आय.”

धवलारणीने नाव उचललं.

मागे बसलेली एक पाहुणी शेजारणीला म्हणाली, “म्हातारी रागावलेली दिसतं.”

गोजराने मान न वळवता उत्तर दिलं, “ऊन हाय तिथं.”

गंगाराम जेवून संध्याकाळी तुर्भ्याला आला. पहिली फ्रेम, पुस्तकवाली, गोटीरामने परत दिली होती. ती त्याने टेबलाखाली ठेवली. रखमा दुकान झाडत होती. तो नमुन्याच्या फोटोसमोर उभा राहिला. त्याची आई एकोणसत्तर साली मंडणगडला वारली. तिचा एकच फोटो होता, पोस्टाच्या पाकिटाएवढा, जत्रेत काढलेला. तेव्हा त्याच्याकडे एन्लार्जर नव्हता. त्याने भायखळ्याहून तो मोठा करून आणला आणि नंतर मूळ फोटो जपून ठेवायचं कारण राहिलं नाही; तो केव्हाच हरवला. मोठ्या प्रतीवर त्याने थेट रंग चढवला होता. रंगाखाली मूळ चेहरा आता राहिला नव्हता.

“रखमा, आईचे डोळे कसे होते गं?”

रखमाने केरसुणी थांबवली. सासूबरोबर तिने नऊ वर्षं काढली होती.

“एक डोळा जरा बारीक होता त्यांचा,” ती म्हणाली. “चुलीपाशी बसल्या की जास्त व्हायचा.”

“कोणता? डावा की उजवा?”

ती फोटोकडे पाहत राहिली, मग तिने स्वतःचा एक डोळा मिटून पाहिला, मग दुसरा.

“आता नाही सांगता येणार,” ती म्हणाली.